डिंभ, अळी आणि भृंगी : एका शब्दाचा अर्थविचार

(मठाच्या वर्धापनोत्सवातील प्रवचनमालेत दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)

 

उत्सवाच्या या मंगल प्रसंगी ब्रह्म, माया, भक्ती, मोक्ष अशा थोर विषयांवर विद्वानांची प्रवचने होत असताना एका क्षुद्र जीवाचे नाव व्याख्यानाचा विषय म्हणून पुढे यावे, याचे कोणालाही नवल वाटेल. तो जीव म्हणजे अळी. पाऊस पडून गेल्यावर ग्वाल्हेरच्या किल्ल्याची उघडी टेकडी हिरवी होते. वाड्यांच्या परसातील लिंबावर, बेलावर, कण्हेरीवर आणि माळावरच्या रुईवर त्या दिवसांत अळ्या दिसू लागतात. शंकरासाठी बेल आणि मारुतीसाठी रुईची पाने खुडणाऱ्या प्रत्येक हाताला त्या कधी ना कधी लागलेल्या आहेत. हात झटकला जातो, पान टाकून दिले जाते, आणि विचार तेथेच संपतो. परंतु ज्या परंपरेने अवधूताला चोवीस गुरू दिले, त्या परंपरेने या झटकून टाकलेल्या जीवालाही गुरुपदाच्या पंक्तीत आसन दिले आहे. तेव्हा त्याच्या नावाचा विचार करणे मठाच्या अंगणात अप्रस्तुत ठरू नये.

विषय आरंभी शब्दाचा आहे. शेवटी तो एका शंकेपाशी जाऊन पोहोचतो. ती शंका पुढे यथास्थळी मांडली जाईल. प्रथम शब्द.

कीटकांची अंड्यातून बाहेर पडलेली, परंतु पूर्ण रूपास न आलेली जी अवस्था, तिला मराठी शास्त्रीय परिभाषेत 'डिंभ' असे नाव आहे. हिंदीतही हा शब्द डिंभ किंवा डिंभक या रूपाने वापरतात. हा शब्द शास्त्रज्ञांनी नव्याने घडविलेला नाही, तो जुन्या कोशातून उचललेला आहे. अमरकोशात बालकाचे जे पर्याय एकत्र दिले आहेत, त्यांत पोत, अर्भक, शावक, शिशु यांच्या मांडीला मांडी लावून डिंभ बसलेला आहे. महाभारतातील जरासंधाच्या पदरी हंस आणि डिंभक असे दोन वीर होते. त्या दुसऱ्याच्या नावाचा अर्थही 'बाळ' असाच होतो. म्हणजे संस्कृत भाषेच्या दृष्टीने पानावर सरपटणारी अळी हे एक लेकरू आहे. ते कोणाचे लेकरू, हे पाहणाऱ्याला दिसत नाही. पण ते वाढून काहीतरी होणार आहे, एवढे आश्वासन त्या नावातच आहे.

आता याच अवस्थेला पश्चिमेकडील शास्त्राने काय म्हटले ते पाहण्यासारखे आहे. तेथे रूढ असलेला शब्द 'लार्वा' हा लॅटिन आहे. प्राचीन रोमन लोकांत त्याचे दोन अर्थ होते : एक भूत किंवा पिशाच, आणि दुसरा मुखवटा. स्वीडनमधील थोर निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियस (१७०७–१७७८) यांनी जीवसृष्टीचे वर्गीकरण करताना हा शब्द कीटकांच्या बालावस्थेस लावला. त्यामागील कल्पना अशी की, फुलपाखराचे खरे रूप अळीच्या रूपाखाली झाकलेले असते. अळी हा त्या रूपावर चढविलेला मुखवटा होय. मुखवटा गळून पडल्यावर जे पूर्ण रूप प्रकट होते, त्याला त्यांनी 'इमॅगो', म्हणजे प्रतिमा किंवा मूर्ती, असे नाव दिले. नाटकातील पात्राने सोंग उतरवावे आणि मूळचा मनुष्य दिसावा, तसा हा प्रकार त्यांना वाटला.

मधल्या निश्चल अवस्थेला, जिला मराठीत कोश म्हणतात, लॅटिनमध्ये 'प्यूपा' म्हणजे बाहुली म्हणतात. कापडात घट्ट गुंडाळलेल्या बाहुलीसारखी ती हातपाय न हलविता पडून असते, हे नावाचे कारण. ग्रीक भाषेत फुलपाखराच्या कोशाला 'ख्रिसालिस' असे नाव आहे आणि त्याच्या मुळाशी सोन्याचा वाचक 'ख्रुसोस' हा शब्द आहे. हे सोने कवीच्या कल्पनेतले नव्हे. रुईवर वाढणाऱ्या पट्टेदार अळीच्या हिरवट कोशावर सोनेरी ठिपके असतात. कण्हेरीच्या पानाखाली लोंबणारा एका काळसर फुलपाखराचा कोश तर सगळाच मुलामा दिल्यासारखा चकचकतो. ज्याने ते एकदा पाहिले, त्याला ग्रीकांचा शब्द समजावून सांगावा लागत नाही. टोळ, झुरळ यांसारख्या कीटकांच्या पिलांना कोशावस्था नसते. ती लहानपणापासूनच मोठ्यांसारखी दिसतात, फक्त पंख नसतात. त्यांना 'निंफ' म्हणतात. हाही ग्रीक शब्द; त्याचा अर्थ नववधू. ॲरिस्टॉटलने तो मधमाशीच्या कोशस्थ पिलासाठी वापरला होता. बुरख्याआड बसलेली वधू आणि आवरणाआड बसलेले पिलू, असे हे साम्य असावे.

तात्पर्य, एकाच वस्तूकडे पाहून एका भाषेला भूत व मुखवटा दिसला, दुसरीला वधू दिसली, आणि संस्कृताला मूल दिसले. नाव हे केवळ ओळखचिठ्ठी नसते. नाव देणाऱ्याची दृष्टी त्यात साठविलेली असते. शब्दाचा विचार करावयाचा तो एवढ्यासाठीच.

डिंभ हा परिभाषेचा शब्द झाला. त्याच्याही पूर्वीचा, वेदात आलेला शब्द म्हणजे 'कृमि' किंवा 'क्रिमि'. यास्काचार्यांनी निरुक्तात त्याचे निर्वचन करताना एक अर्थ असा दिला की, कच्च्या मांसावर जो पुष्ट होतो तो क्रिमि. आणि दुसरा असा की, सरपटणे या अर्थाच्या क्रम् धातूपासून तो झाला. म्हणजे नाव पडले ते एकतर त्याच्या खाण्यावरून किंवा चालण्यावरून. आधुनिक भाषाशास्त्राने या शब्दाचे गोत्र फार दूरवर शोधले आहे. फारसीतील 'किर्म', लिथुआनियन भाषेतील 'किर्मिस', आयर्लंडच्या जुन्या भाषेतील 'क्रुइम्' हे सारे त्याचे सगोत्र बंधू होत.

याच कुळातील एक शब्द मराठी माणसाच्या घरात नित्य वावरतो, पण त्याचे गोत्र कोणी विचारीत नाही. तो शब्द 'किरमिजी'. गडद तांबड्या रंगाचे हे नाव अरबी 'किर्मिझ' यापासून आले. किर्मिझ म्हणजे वाळलेल्या एका कीटकापासून काढलेला रंग. त्या अरबी शब्दाच्या मागे फारसीतील किर्म आणि संस्कृतातील कृमि उभे आहेत. इंग्रजीतील 'क्रिम्झन' हेही त्याच झाडाचे फळ. यज्ञभूमीतून निघालेला शब्द इराण व अरबस्तान यांची यात्रा करून, रंगाऱ्याच्या कढईत बुडून, पुन्हा मराठीत परत आला. आणि घरच्यांनी त्याला पाहुणा समजून आत घेतले!

आता 'कोश'. खजिना, म्यान, कळी, शब्दांचा संग्रह आणि कीटकाचे वेष्टन या सर्वांना हा एकच शब्द चालतो, कारण आत काही मौल्यवान ठेवून वरून झाकणे हा अर्थ सर्वत्र समान आहे. देवपूजेच्या वेळी नेसावयाचे रेशमी सोवळे म्हणजे कौशेय. अमरकोशाने त्याचे वर्णन कृमीच्या कोशापासून झालेले असे स्पष्ट केले आहे. पाणिनीने कोश या शब्दाला ढञ् प्रत्यय लावून कौशेय शब्द सिद्ध केला. येथे व्याकरणाचा एक मौजेचा विचार आहे. पाणिनीचे ते सूत्र 'संभूत' या अर्थाच्या प्रकरणात येते. म्हणजे अक्षरशः पाहिले तर कोशात जे संभवते ते कौशेय. पण कोशात संभवतो तो किडा. वस्त्र काही कोशात संभवत नाही. मग कौशेय म्हणजे किडा असा अर्थ का होऊ नये? व्याकरणकारांनी ही अडचण ओळखून तिचा ऊहापोह केला, आणि काशिकाकारांनी रूढीचा आधार घेऊन निर्णय दिला की, हा शब्द वस्त्रालाच लागतो, कृमीला नाही. सोवळे नेसणाऱ्याने हे एकदा ध्यानात आणावे. रेशमाच्या एका चांगल्या कोशातून साधारण एक किलोमीटर लांबीचा अखंड धागा निघतो. पण तो अखंड निघावा म्हणून आतील जीवाला बाहेर पडण्यापूर्वीच कोश उष्णतेने मारला जातो. शब्दाने जसे वस्त्र ठेवले आणि किडा वगळला, तसेच व्यवहारानेही केले.

छत्तीसगढ व विदर्भ या भागांतील टसराला 'कोसा' म्हणतात, तो याच कोशाचा अपभ्रंश. मराठीतील 'कोसला' हा शब्दही त्याच कुळातला. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भालचंद्र नेमाडे यांच्या कादंबरीमुळे तो सुशिक्षितांच्या ओठी आला, परंतु खेड्यापाड्यांत तो आधीपासून होताच. महाभारताच्या शांतिपर्वात कोशकार कीटकाचा दृष्टांत आला आहे : आपल्याच अंगातून काढलेल्या तंतूंनी तो जसा स्वतःला कोंडून घेतो, तसा जीव आपल्याच कर्मांनी स्वतःला बांधून घेतो. वेदान्तात अन्नमयादि पाच कोश सांगितले आहेत, तेथेही आवरणाचाच अर्थ आहे.

राहता राहिला मराठीचा स्वतःचा शब्द, 'अळी'. जुन्या मराठीत 'आळी' असेही रूप आहे आणि त्या रूपाला तीन वेगळे अर्थ येऊन मिळाले आहेत. एक आळी म्हणजे घरांची ओळ, गल्ली. ती संस्कृत आलि म्हणजे रांग, या शब्दापासून आली. दुसरी आळी म्हणजे लडिवाळ हट्ट; संतांनी भगवंताजवळ धरलेला हट्ट या नावाने ओळखला जातो. तिसरी ही पानावरची. संस्कृतात 'अलि' म्हणजे भ्रमर. विंचवालाही तेच नाव आहे. अळी आणि अलि यांचा उच्चार जवळचा आहे म्हणून कोणी चटकन व्युत्पत्ती जुळवील आणि भ्रमराचे बाळ ते अळी, असे म्हणेल. दिसावयास ते गोड आहे. परंतु ध्वनिसाम्य म्हणजे व्युत्पत्ती नव्हे. गल्लीची आळी आणि पानावरची आळी एकाच रूपात दिसतात म्हणून त्या बहिणी ठरत नाहीत. तोच न्याय येथेही लावला पाहिजे. शास्त्राचा अभ्यास करणाऱ्याने गोड वाटणाऱ्या गोष्टीपाशी अधिक सावध राहावे.

लोकांनी अळीला गुणांवरून अनेक नावे दिली. केसाळ असेल तर सुरवंट किंवा घुला. संस्कृतातील शूककीट हे नाव असेच. धान्याच्या कुसासारखे केस ज्याला आहेत तो. हरभऱ्याचा घाटा पोखरते ती घाटेअळी. ग्वाल्हेरच्या बाजारात तिलाच चन्याची इल्ली म्हणतात, आणि येथील मराठी घरांतील मुलांच्या तोंडी अळी आणि इल्ली हे दोन्ही शब्द सारख्याच सहजतेने येतात. झुंडीने चालून जाऊन उभे पीक फस्त करते ती लष्करी अळी. तिच्या अमेरिकेतून पसरलेल्या एका जातीने २०१८ मध्ये कर्नाटकात प्रथम पाय ठेवला आणि पुढे महाराष्ट्रातील मक्याच्या शेतकऱ्याला फार त्रास दिला. दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून १८१० मध्ये वसलेल्या ज्या नगरभागाला आजही लष्कर म्हणतात, तेथील रहिवाशांना या नावाचे मर्म वेगळे सांगणे नको! फौज मुक्कामाला आली की रानाचे काय होते, हे ज्या पिढ्यांनी पाहिले, त्यांच्याच भाषेत असे नाव जन्मू शकते.

येथवर शब्दांचा विचार झाला. आता ती शंका.

वेदान्तात आणि भक्तिशास्त्रात 'कीटभृंगन्याय' प्रसिद्ध आहे. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले. त्यांतील चोविसावा गुरू म्हणजे हा कीटक. 'पेशस्कृत्' नावाचा भृंग एका किड्याला आणून आपल्या घरट्यात कोंडतो. किडा भीतीने त्या भृंगाचेच अखंड चिंतन करतो. आणि चिंतनाच्या बळाने, पूर्वीचा देह न टाकताच, त्या भृंगाचे रूप पावतो. स्नेहाने, द्वेषाने किंवा भयाने मनुष्य ज्याच्या ठिकाणी मन एकाग्र करतो, त्याचे रूप त्याला मिळते, हा तेथील बोध. सप्तम स्कंधात नारदांनी युधिष्ठिराला हाच दृष्टांत सांगितला आहे. श्रीमदाद्य शंकराचार्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या विवेकचूडामणीत तो ब्रह्मचिंतनासाठी योजिला आहे. नाथांनी एकादश स्कंधावरील आपली टीका १५७३ मध्ये काशीक्षेत्री पूर्ण केली, आणि तिच्याद्वारे हा दृष्टांत मराठी घराघरात पोहोचला. ज्या ग्वाल्हेर नगरीत तानसेन समारोहाचा आरंभ ढोलीबुवा महाराजांच्या हरिकथेने करण्याची परंपरा आहे, तेथील श्रोत्यांना कीर्तनातून हा दृष्टांत अनेकदा ऐकावयास मिळतो.

पेशस्कृत् हे नाव मोठे अर्थपूर्ण आहे. पेशस् म्हणजे रूप, अलंकार, नक्षी. रूप घडविणारा तो पेशस्कृत्. बृहदारण्यक उपनिषदात पेशस्कारी हा शब्द सोनाराला लावला आहे : सोनार जसा सोन्याचा तुकडा घेऊन त्याला अधिक नवे, अधिक सुंदर रूप देतो, तसा आत्मा एक देह टाकून दुसरे रूप धारण करतो. आणि त्याच्या अगदी लगत पूर्वी, त्याच ठिकाणी, तृणजलायुकेचा दृष्टांत आहे. गवताच्या पात्याच्या टोकास पोहोचल्यावर दुसरा आधार पकडून मगच ती स्वतःला पुढे ओढून घेते. कोणी तिला जळू समजतात, कोणी अळी. सोनार आणि सरपटणारा जीव असे शेजारी शेजारी बसलेले उपनिषदात आहेत. भागवतात सोनाराचे नाव भृंगाने घेतले आहे.

परंतु आजचा पाठशाळेतील विद्यार्थी सकाळी भागवत वाचतो आणि दुपारी जीवशास्त्राचे पुस्तकही वाचतो. तो विचारतो : "गुरुजी, कुंभारीण माशी अळीला आणते ती भृंग करण्यासाठी नव्हे, आपल्या पिलाला खाऊ घालण्यासाठी. मग हा दृष्टांत खोटा ठरला. दृष्टांत खोटा, तर सिद्धांताचे काय?"

हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. तो प्रामाणिक आहे, आणि त्याला प्रामाणिक उत्तर मिळाले नाही तर विद्यार्थी एकतर पुस्तक मिटील किंवा डोळे मिटील. दोन्हींत हानी आहे.

प्रथम वस्तुस्थिती काय, ते पाहू. कुंभारीण ओल्या मातीच्या गोळ्या तोंडाने आणून भिंतीच्या कोपऱ्यात किंवा फांदीवर लहानसे मडके घडविते. मग ती अळ्यांची शिकार करते. काही जाती अळ्यांऐवजी कोळी आणतात. नांगीने दंश करून ती भक्ष्याला बधिर करते, पण ठार मारीत नाही. मेलेले भक्ष्य कुजले असते. मडक्यात अंडे घालून, शिदोरी भरून, ती तोंड लिंपून टाकते. आतील अंडे फुटते, डिंभ बाहेर येतो, ती ताजी शिदोरी खाऊन वाढतो, कोश करतो आणि शेवटी पंख घेऊन मडके फोडून बाहेर पडतो. फ्रान्समधील झां-आंरी फाब्र (१८२३–१९१५) यांनी अशा शिकारी माश्यांचे आयुष्यभर निरीक्षण करून त्यांच्या या चरित्राचे सविस्तर वर्णन लिहून ठेवले आहे. बाहेरून पाहणाऱ्याला काय दिसते? अळी आत गेली. दार बंद झाले. काही दिवसांनी भृंग बाहेर आला. मधले अंडे दिसले नाही. प्राचीनांनी जे पाहिले ते खोटे पाहिले नाही. जे दिसत नव्हते ते अनुमानाने भरून काढले, आणि ते अनुमान चुकले. युरोपातही मांसावरच्या अळ्या मांसापासूनच निपजतात असा समज दीर्घकाळ होता. १६६८ मध्ये फ्रान्चेस्को रेदी यांनी भांड्यांवर जाळी बांधून, माश्यांनी अंडी घातल्यावाचून अळ्या होत नाहीत, हे दाखविले. चूक कोणा एका देशाची मिरासदारी नाही.

आता शास्त्राकडून उत्तर. भगवत्पूज्यपाद शंकराचार्यांनी गीताभाष्याच्या अठराव्या अध्यायात निःसंदिग्ध सांगितले आहे की, अग्नी थंड आहे असे शंभर श्रुती म्हणाल्या, तरी त्या विषयात त्या प्रमाण ठरत नाहीत. प्रत्यक्षाने जे कळावयाचे, ते प्रत्यक्षानेच कळावे. श्रुतीचे प्रामाण्य अतींद्रिय विषयात आहे. कुंभारीण माशी मडक्यात काय करते, हा अतींद्रिय विषय नव्हे. तेव्हा तेथे फाब्र यांचे डोळे प्रमाण मानण्यात आचार्यांचा अवमान नाही. उलट त्यांचीच आज्ञा पाळणे आहे. दुसरे असे की, ब्रह्मसूत्रभाष्यात आचार्यांनी दृष्टांताची मर्यादाही आखून दिली आहे. दृष्टांत आणि दार्ष्टांतिक यांत जेवढा अंश सांगावयाचा असेल तेवढेच साम्य घ्यावयाचे. सर्वांशाने साम्य कोणीच दाखवू शकत नाही, कारण तसे झाले तर दोन वस्तूच उरणार नाहीत. कीटभृंगन्यायातील विवक्षित अंश चित्ताच्या तदाकारतेचा आहे. ज्याचे चिंतन, त्याचे रूप मनाला येते, याची साक्ष प्रत्येकाच्या अंतःकरणात आहे. रात्रंदिवस वैऱ्याचा विचार करणारा अखेर वैऱ्यासारखाच बोलू-वागू लागतो, हे गल्लीगल्लीत दिसते. त्या सत्याला माशीच्या साक्षीची गरज नाही. साक्षीदार फितूर झाला म्हणून घडलेली गोष्ट न घडलेली होत नाही.

तरी विद्यार्थ्याने आणखी विचारावे, "मग दुसरा साक्षीदार आहे काय?" आहे, आणि तो बेलाच्या पानावरच बसलेला आहे. बेलावर, लिंबावर आणि कढीलिंबावर एका सुंदर फुलपाखराची अळी वाढते. लहान असताना ती पक्ष्याच्या विष्ठेच्या ठिपक्यासारखी दिसते. शत्रूने तिच्याकडे पाहून तोंड फिरवावे, एवढ्यासाठी निसर्गाने दिलेले ते सोंग आहे. मोठी झाल्यावर ती हिरवी होते आणि पानात मिसळून जाते. मग कोश, आणि कोशातून पंख. येथे कोणी बाहेरून येऊन अंडे घातलेले नाही. जो आत गेला तोच बाहेर आला. सतराव्या शतकात हॉलंडचे यान स्वामरडाम (१६३७–१६८०) यांनी कोशाच्या उंबरठ्यावर असलेल्या अळीची त्वचा अलगद सोडवून तिच्या आत फुलपाखराचे पंख व पाय घडी घालून ठेवलेले दाखविले. १८६४ मध्ये जर्मनीचे ऑगस्ट वाइसमान यांनी माश्यांच्या अळ्यांच्या शरीरातील सूक्ष्म चकत्यांचे वर्णन केले. त्यांपासूनच पुढे पंख, पाय, डोळे बनतात. अळी पाने खात असते, सरपटत असते, आणि तिला नकळत पंखांचे बीज तिच्या आत असते.

म्हणून लिनियस यांचा मुखवट्याचा शब्द येथे वेदान्ताच्या फार जवळ येतो. सिद्धांत असा की, मोक्ष ही नवी वस्तू बाहेरून मिळवावयाची नसते; जे आपले होतेच, पण आवरणामुळे दिसत नव्हते, ते प्रकट होते. गळ्यातील हार हरवला म्हणून शोधीत फिरणाऱ्याला तो गळ्यातच सापडावा, तशी ही प्राप्ताची प्राप्ती. कीटभृंगन्याय उपासकाचा आहे : ध्येयाला धरून राहा, तद्रूप होशील. हा बेलावरचा न्याय जिज्ञासूचा आहे : जे व्हावयाचे ते तुझ्या आत आहे, मुखवटा ओळख. अर्थात यालाही मर्यादा आहे. अळीचे अवयव खरोखरीच विरघळतात व नवे घडतात; आत्मा मात्र अविकारी आहे, तो कधी अळी नव्हता आणि कधी फुलपाखरू होत नाही. आचार्यांचा नियम जुन्या दृष्टांताला लावला, तसा नव्यालाही लावलाच पाहिजे. नाहीतर उद्या दुसरा विद्यार्थी येईल आणि तोही बरोबर ठरेल.

आणि येथे पुन्हा आपल्या मूळ शब्दाकडे यावे. लॅटिनाने मुखवटा म्हटले, तेव्हा लक्ष झाकलेल्या रूपाकडे गेले. संस्कृताने डिंभ म्हटले, तेव्हा लक्ष ज्याला वाढवावयाचे त्या बाळाकडे गेले. गुरूला दोन्ही दृष्टी लागतात. शिष्याच्या अज्ञानाचे सोंग भेदून आतील स्वरूप पाहणे ही एक. आणि ते प्रकट होईपर्यंत त्याला लेकरासारखे सांभाळणे ही दुसरी. प्रश्न विचारणारा विद्यार्थी हा मठाचा डिंभ आहे. त्याचा प्रश्न म्हणजे पंख फुटण्याची पहिली खूण होय. त्याला दटावून गप्प बसविणे म्हणजे अखंड धाग्याच्या लोभाने कोश उकळत्या पाण्यात टाकणे. धागा हाती येईल, वस्त्र सुंदर विणले जाईल, परंपरा अभंग दिसेल. पण आतला जीव गेलेला असेल. व्याकरणकारांनी कौशेय शब्दातून किडा वगळला, तो वस्त्रापुरता ठीक आहे. मठाने आपल्या परंपरेतून शिष्याला वगळू नये.

पुढच्या सोमवारी बेल खुडताना एखाद्या पानावर तो काळा-पांढरा ठिपका दिसला, तर ते पान तेवढे झाडावरच राहू द्यावे. महादेवाला एक पान कमी पडणार नाही.

इति शम्।